डिपिंगचा मग

शुक्रवार, बागेतून आल्यावर

आबांच्या हातातला तो मग डोळ्यांपुढून हलत नाही.

सकाळी मिरजेत आबांना तपासून झाल्यावर डॉक्टरांना मी परदेशातल्या ग्रोथ फॅक्टर नावाच्या औषधाबद्दल विचारलं. कंपवातात मरत चाललेल्या पेशी जगाव्यात म्हणून ते थेट मेंदूत सोडतात. डॉक्टर म्हणाले, अजून प्रयोगच चाललेत, खात्री कशाचीच नाही, इथं तर मिळतही नाही. आबा मात्र खुलले. एसटीत म्हणाले, "म्हंजे आपल्या द्राक्षाचं डिपिंगच की गं. घड औषधात बुडवला की मणी फुगतोय, तसं."

मी हो म्हणाले. का म्हणाले?

दुपारी बागेत बायका घड बुडवत होत्या. आबांनी एकीच्या हातातून मग घेतला. अख्ख्या गावाला डिपिंग शिकवलेला माणूस, पण मग घडाखाली जाईपर्यंत निम्मं औषध सांडलं. बायका दुसरीकडं बघायला लागल्या. मी जाऊन मग खालून धरला.

शेजारच्या ओळीत गेल्या खेपेला बुडवायचा राहिलेला एक घड होता, मणी ज्वारीएवढेच. आबा त्याच्याकडं बघत राहिले. "ह्याला आता बुडवून उपेग न्हाई. वेळ गेली." मग हळूच म्हणाले, "तुझ्या कन्यादानाला माझा हात लय हालत हुता. समद्यांना वाटलं, पोरगी चालली म्हणून."

मलाही तेच वाटलं होतं. माझ्यासाठी थरथरलेला हात म्हणून इतकी वर्षं मी तो जपून ठेवला होता.