मोजणीदाराची तपासणी

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलंय म्हणून घरी येणारी पत्रं तू आता भाऊजींकडून रोज मोठ्याने वाचून घेणार, हे वाचलं आणि मला घाम फुटला. आजवर मी तुला जे खरडत आलो, ते फक्त तुला झेपेल एवढ्याच लायकीचं होतं. पण फोनवर शब्द अडला की ते फोन ठेवून देतात आणि पत्राला मात्र घाई नसते, हे पटलं. तेव्हा भाऊजी, मी जोडाक्षरं कमी वापरीन. नाहीतरी मला फारशी येत नाहीत.

इकडचं विचारशील, तर इथे डोळ्यांच्या रुग्णालयात माझं तेच चाललंय. डॉक्टर लोकांचे डोळे बघतात आणि मी डोळ्यांचे मार्क बघतो. ऑपरेशननंतर, औषधानंतर माणसाला नक्की किती फरक पडला, ते पंचवीस प्रश्न विचारून आकड्यात बसवायचं, याचा मला पगार मिळतो. परवा मोतीबिंदू काढलेल्या एक शिवणकामवाल्या बाई आल्या. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. समाधान किती, असं विचारलं, तर म्हणाल्या, काडीचं नाही. आता स्वतःची जुनी शिवण दिसते, एवढी वर्षं गिऱ्हाइकं गप्प कशी बसली याची लाज वाटते. आता ही लाज मी कोणत्या चौकटीत भरू?

दुसरे एक आजोबा, काचबिंदूचे. पायऱ्या उतरताना त्रास होतो का, तर मुळीच नाही. मी खुशीत पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. जाताना सुनेने सांगितलं की ते वर्षभरात घराच्या पायऱ्या उतरलेलेच नाहीत. वीस वर्षं या धंद्यात काढून मला एवढं विचारायचं सुचलं नाही. अशा हुशार माणसाची तू बहीण आहेस, हे कुणाला सांगत जाऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे. त्याला मार्क मात्र देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

दि. २१ जानेवारी

चि. मोजणीदारास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांनी तीन दिवसांत वाचून पुरं केलं. 'काडीचं' या शब्दावर अडले, मग स्वतःच हसले आणि हसता हसता तो शब्द सुटला.

तू विचारत नाहीस, पण तुझ्या मनात असणार म्हणून सांगते. तीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाने गेल्या वर्षी एका मुलीला भर चौकात 'चल' म्हणायचं ते 'थांब' म्हटलं. ती बिचारी आज्ञाधारक, थांबली. मागच्या गाड्यांनी तिचा उद्धार केला. पुढे क्लच, गिअर, आरसा, सगळ्यालाच 'ते' म्हणू लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की बुद्धी शाबूत आहे, पण शब्द हळूहळू जात राहणार. त्याच आठवड्यात ह्यांनी आपल्या ड्रायव्हिंग शाळेची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. शिकवायची गाडी, ती दोन्हीकडे ब्रेक असलेली, तेवढी दारात आहे.

वाचा-उपचाराच्या बाईंकडे चाललेल्या अभ्यासासाठी दर तीन महिन्यांनी ह्यांना साठ चित्रांची नावं विचारतात. पहिल्यांदा एक्केचाळीस आली, नंतर पस्तीस. त्या दिवशी हे जेवले नाहीत. आता मी काय केलं ते सांगते, हसू नकोस. गणिताची मास्तरीण म्हणून मी जन्मभर पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या. पण त्या खोलीत मी मागच्या खुर्चीवर बसून साठच्या साठ चित्रं पाठ केली. जुन्या मासिकांतून मगर, बासरी, होकायंत्र अशी कात्रणं काढली आणि रोज सकाळी ह्यांच्याकडून घोकून घेतली. आमच्या घरात होकायंत्र कुणी मागितलेलं मला आठवत नाही, पण परवाच्या परीक्षेत ह्यांनी ते ठणकावून सांगितलं. शेचाळीस! बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी आपल्या वरिष्ठांना बोलावून आणलं. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

घरी येताना हे माझा हात धरून अगदी स्पष्ट एकच शब्द बोलले, 'कॉपी'.

तब्येतीला जप. माया आहे म्हणून सांगते, गुन्हा पोटात ठेव.

तुझी,
ताई

---

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुन्हा पोटात राहिला नाही, कारण मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने पाणी आणून दिलं.

आता धाकट्या तोंडी मोठा घास घेतो. तो आकडा कुणाच्या तरी निष्कर्षात जाऊन बसेल आणि त्या उपचाराने शब्द परत येतात असं लोकांना वाटेल. बाईंना जाऊन सांगून टाक. मोजणाऱ्याला फसवणं सोपं असतं, पण त्यात औषध कुणाला लागू पडलं ते कधीच कळत नाही. वाक्य बरं जमलंय ना? मी ते नव्या लोकांना दर वर्षी ऐकवतो आणि ते दर वर्षी जांभई देतात.

बाकी ठीक. कपाटाचं दार कुणीतरी उघडं ठेवलं आणि मी त्यावर कपाळ आपटून घेतलं. महिन्यात दुसऱ्यांदा. माझा धांदरटपणा तुला नवा नाही. मार्चच्या मध्यावर चार दिवसांची रजा काढून येतोय. भाऊजींना सांग, गाडी पुसून ठेवा, मी चालवीन आणि तुम्ही चुका काढा.

माझ्यावरची तुमची माया आहे तेवढी पुरे. त्यात वाढ झाली तर मी बिघडेन.

तुझा,
धाकटा

---

दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

चार दिवसांसाठी आलास आणि दुसऱ्याच दुपारी पिशवी उचलून गेलास. तू ही गोष्ट तुझ्या सोयीने आठवशील, म्हणून जशी घडली तशी लिहून ठेवते.

गाडी तू चालवत होतास. हे तुझ्या शेजारी, मी मागे. बाजाराच्या कोपऱ्यावर उजवीकडच्या गल्लीतून टपाल वाटणाऱ्या बाई सायकलवरून आल्या. मला त्या माझ्या बाजूच्या खिडकीतून दिसल्या. ह्यांनाही दिसल्या. तू वेग कमी केला नाहीस. ह्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून गाडी हातभर अंतरावर थांबली. बाई पडल्या नाहीत, पण त्यांची पाकिटं रस्ताभर झाली. आणि तू ह्यांच्यावर उखडलास, भर रस्त्यात ब्रेक कशाला मारलात म्हणून. पाकिटं गोळा करतानाही तू त्या बाईंना विचारत होतास की त्या आल्या कुठून. जणू आभाळातून पडल्या.

घरी आल्यावर ह्यांनी शब्द शोधला. 'ते, ते' करत राहिले. शेवटी तुला समोर बघायला लावून तुझ्या उजव्या कानाशी तळहात धरला आणि हळूहळू पुढे आणला. हात गालाच्या पुढे येईपर्यंत तू 'दिसला' म्हणाला नाहीस. माझ्याबरोबर तेच केलं, तेव्हा मला तो कानापाशीच दिसला. तुझा चेहरा मी पाहिला. आणि मग तू म्हणालास की ज्यांना बोटाला बोट म्हणता येत नाही, त्यांनी माझे डोळे तपासू नयेत.

ह्यांना बोलता येत नाही रे. ऐकू सगळं येतं.

ते अजून तो तळहात स्वतःच्या कानाशी धरून बघतात. रागाने नाही, काळजीने.

ताई

---

दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्याच विभागात, माझ्याच यंत्रावर डोळे तपासून घेतले होते. काही सांगण्यासारखं निघालं नव्हतं. बोललो ते जास्त झालं, हे मान्य. पण गल्लीच्या तोंडाशी उन्हाची तिरीप होती, एवढं लक्षात घ्यावं.

कामाची गडबड आहे.

धाकटा

---

दि. २२ एप्रिल

ती. भाऊजींस आणि ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊजींनी वाचावं, म्हणून नमस्कार आधी त्यांना.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. दोन वर्षांपूर्वी तपासणी केली, हे खरं. आमच्याकडे एक पांढरी वाडग्यासारखी पेटी असते. तिच्यात हनुवटी टेकवून नजर मध्यावर ठेवायची आणि कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. यंत्राची चाल मला तोंडपाठ आहे. ठिपका दिसला नाही तरी आता आला असेल, या हिशोबाने मी दाबत गेलो. ताई, तू तर नुसतं होकायंत्र पाठ केलंस. कागदाच्या कोपऱ्यात यंत्राने छापलं होतं की हा निकाल भरवशाचा नाही. तोच शेरा मी रोज दहा जणांना समजावून सांगतो आणि परत बसवतो. स्वतःच्या वेळी मात्र खुर्ची ठेंगणी होती म्हणून तसं आलं, असं ठरवून कागद टेबलाच्या खणात टाकला.

तुझ्या पत्रानंतर तीन आठवडे मी दारं, टेबलं आणि माणसं चुकवत फिरलो. शेवटी विभागातल्या सगळ्यात नव्या मुलीला म्हटलं, माझी तपासणी कर. तिने मला सगळ्यांसारखंच दटावलं: काका, समोर बघा, अंदाजाने दाबू नका. मला ती भाषा ओळखीची वाटली. तिला ती मीच शिकवली आहे.

काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची बाहेरची बाजू बरीचशी गेली आहे, डाव्यातही सुरुवात झाली आहे. गेलं ते परत येत नाही. थेंब नेमाने घातले, तर राहिलं ते बरंच टिकेल असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गंमत म्हणजे तिथे काळोख दिसत नाही. रस्ता दिसतो, भिंत दिसते, सगळं ठीकठाक दिसतं. फक्त त्यात सायकलवरच्या बाई नसतात.

मग माझाच पंचवीस प्रश्नांचा फॉर्म मी भरला. तिन्हीसांजेला गाडी चालवताना त्रास होतो का? मुळीच नाही, असं लिहिलं आणि पेन थांबलं. दोन वर्षांत तिन्हीसांजेला मी गाडी बाहेर काढलेलीच नाही. त्या आजोबांना मी हसलो होतो ना?

परवाना परत केला. त्या टपालवाल्या बाईंना पत्र पाठवलं, ते त्यांनी स्वतःच स्वतःला पोचवलं असेल. भाऊजी, मी त्या दिवशी जे बोललो ते कोणत्याही चौकटीत बसत नाही. तुम्ही शब्दाविना जे ओळखलंत, ते मला वीस वर्षांच्या शिक्षणाने ओळखता आलं नाही. क्षमा मागतो. ती द्यावी असा आग्रह नाही. पत्र पुरं वाचलंत तरी मला पुष्कळ.

आपला,
धाकटा

---

दि. ३० मे

चि. धाकट्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र वाचायला ह्यांना दोन सकाळी लागल्या. क्षमेच्या ओळीवर मला वाटलं, शब्द अडला. अडला नव्हता. चष्मा पुसला, ती ओळ पुन्हा वाचली आणि मला म्हणाले, 'पुढे'. पुढे काही उरलं नव्हतं, तरी म्हणाले, 'पुढे'. थेंब रोज घालतोस का? खोटं सांगू नकोस, आता तुझा लौकिक माहीत झालाय.

तुझ्या पत्राने मलाही धीर आला. वाचा-उपचाराच्या बाईंपुढे जाऊन सगळं ओकले. वाटलं होतं, वर्गाबाहेर उभं करतील. त्या हसल्या, मग गंभीर झाल्या आणि शेचाळीसचा आकडा आमच्या समोरच खोडला. पुन्हा परीक्षा घेतली, वेगळ्या चित्रांवर, मला बाहेर बसवून. एकतीस. हे त्या आकड्याकडे बघत राहिले. तेव्हा बाईंनी चित्रं बाजूला सारली आणि ह्यांना विचारलं की चित्रं जाऊ देत, तुम्हाला काय करता यायला हवंय? ह्यांनी हवेत स्टिअरिंग फिरवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या माणसाच्या बायकोला गाडी येत नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तू येऊन मला गाडीतून फिरवणार तोही रस्ता बंद झाला. तेव्हा बासष्टाव्या वर्षी मी रोज सकाळी स्टिअरिंगमागे बसते. ह्यांचे शब्द चारच: चल, थांब, हळू, आरसा. त्यातले दोन अधूनमधून अदलाबदल होतात. तसं झालं की हे माझ्या कोपरावर टकटक करतात, म्हणजे उलट समजायचं. बाई येऊन मागे बसतात आणि वहीत लिहितात की आज किती वेळा समजलं, किती वेळा नाही. चित्रांपेक्षा ही वही मला आवडते. तिच्यात माझ्या चुका जास्त आहेत.

काल माझी परवान्याची परीक्षा झाली. गाडी मागे घेताना दोन खांब आडवे केले. तिसरा मी पाडला नाही, तो दुसऱ्याच्या धक्क्याने पडला, पण परीक्षकाला ते पटलं नाही. जन्मभर पोरांना लाल शाईने नापास केलं, त्यांचे तळतळाट एकदम फळाला आले. कागद हातात घेऊन आले, तर हे फाटकाशी उभे. कागद बघितला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कित्येक महिन्यांत असे हसले नव्हते.

आज सकाळी मी पत्र लिहायला बसले, तर हात पुढे करून माझं पेन मागितलं. सकाळभर टेबलाशी होते. चार कागद फाडले. मी डोकावले नाही आणि काही दुरुस्तही केलं नाही. सोबत पाठवते आहे. आमची माया तुला ठाऊकच आहे, तिची परीक्षा घेऊ नकोस.

तुझी,
ताई

---

३० मे

मेव्हण्या

ताई नापास.
तु नापास.
मी नापास.

ये. लवकर.