आईला कोणी विचारलं?

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. इतक्या दिवसांत तुमच्याशी मनातल्या मनातही बोलले नाही, कारण राग होता. काल आईला कन्नडहून शहरात, तुमच्या दोन खोल्यांत परत आणलं. खाटेवर टेकताच ती म्हणाली, "तुझ्या बापाला कळव." म्हणून लिहितेय.

आईचा खुबा मोडला, तेव्हा तुम्ही वाळूजच्या कारखान्यातून रजा काढून वकिलाकडे निघाला होतात. घर आईच्या नावावर करायचं, तिचं कोणी करायचं तेही लिहून ठेवायचं. नेमकं त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद. क्रांती चौकातून पायी परत आलात आणि चपला काढता काढता म्हणालात, "कागदाचा योग नाय. आपल्यात भंडाऱ्यापरीस मोठा कागद कोनता?"

मग कन्नडहून तुमच्या लेकाला, सोपानला बोलावलंत. देव्हाऱ्यासमोर त्यानं बेल-भंडारा उचलला आणि शपथ घेतली, "आईला मरेस्तोवर मी सांभाळीन." मी तिथंच आईखालची चादर बदलत होते. दवाखान्यात आया म्हणून माझी दहा वर्षं झालेली, राहते दोन गल्ल्या सोडून. पण लेक परक्याचं धन! मला काही विचारलं नाहीत. मीही तोंड उघडलं नाही, ती चूक माझी.

तुमचं तेरावं झालं आणि सोपाननं घराला कुलूप लावून आईला नेलं. तो शब्दाला जागला, हे मी कुणापुढंही सांगेन. पण दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघाला की तो पावसाळ्यापर्यंत घरी नसतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? वहिनी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात. आई एकाच कुशीवर पडून. उशाशी पाण्याचा तांब्या, पण तिचा हात तिथवर पोचत नाही. तिच्या कमरेखाली तळहाताएवढी जखम पाहिली तेव्हा मला वहिनीचा राग आला नाही. तुमचा आला.

सोपानला म्हटलं, तिला माझ्याकडे दे. तो रडकुंडीला आला. "आक्का, भंडारा उचललाय मी. आईला लेकीच्या दारी ठिवली तर देव सोडंल का मला?"

लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावणारा माणूस आहे तो, आबा. तुम्ही त्याला कशात अडकवून गेलात? दोनदा मी तशीच परत आले.

काल मेंढरं गावात आली होती, सोपान घरी होता. आईच बोलली. "तुझ्या दारी नको, तिच्याबी दारी नको. मला माझ्या घरी न्या. तिथं सांभाळ की मला, शपथ मोडायची नाय."

सोपाननं कमरेच्या करगोट्याला बांधलेली घराची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली आणि तिला स्वतः उचलून जीपमध्ये बसवलं. आज सकाळी मी जखम धुतली.

तुम्ही वाईट नव्हतात. तुमची आठवण येते, रागातही येते. पण आईनं कळवायला सांगितलंय ते असं: "भंडारा उचलला तवा मी तिथंच पडले व्हते. मला कोनी इचारलं का?"

येत्या सोमवारी सोपान आणि मी वकिलाकडे जातोय. तुमचा राहिलेला कागद आम्ही करू. त्यातली ओळन् ओळ आधी आईला वाचून दाखवीन आणि ती नको म्हणेल ते खोडीन. शब्द देते, आबा. भंडारा न उचलता.

तुमची लेक,
सुमन