पेट्रोलमधलं पाणी

आबा, मागच्या महिन्यात दुसऱ्या महायुद्धातल्या तुमच्या दिवसांची चौकशी करत एक अमेरिकन माणूस दादाकडे आला होता. साठी ओलांडलेला, उंच, घामाघूम. आसामातल्या ज्या विमानतळावर तुम्ही फिटर होता, तिथल्या लढाऊ विमानांच्या तुकडीचा इतिहास तो लिहितोय. त्याचे आजोबा त्या तुकडीत वैमानिक होते आणि विमान कोसळून तिथेच गेले. त्याच्याकडच्या एका फोटोमागे तुमचं नाव आणि ‘कोल्हापूर’ एवढं लिहिलेलं होतं. त्यावरून विचारत विचारत तो उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपपर्यंत पोचला. दादानं “पावणं, बसा की, च्या घ्या,” म्हणून त्याला बसवलं आणि इंग्रजी बोलायला मला बोलावून घेतलं. मला मात्र तो आल्या आल्याच खटकला. नुसता फोटो दाखवायला एवढ्या लांबून कोण येतं?

फोटोत तुम्ही विमानाच्या पंखावर उकिडवे बसलाय, हातात पाना, आणि तोंड भरून हसताय. दादा तो डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा बघत होता. मी पाहुण्याकडे बघत होते. तुमच्याविषयी तो गोड बोलायचा आणि फिरून एकाच प्रश्नावर यायचा, त्या अपघाताबद्दल वडील कधी काही बोलले का? तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, “तुम्हाला काय माहीत आहे ते आधी सांगा.” तो चाचरला. मग म्हणाला, तुकडीच्या जुन्या इतिहासात एक वाक्य आहे. पेट्रोलमध्ये पाणी होतं, उडाल्याबरोबर इंजिन बंद पडलं, स्थानिक फिटरचा हलगर्जीपणा. आणि कामाच्या नोंदवहीप्रमाणे त्या सकाळी त्या विमानात पेट्रोल तुम्ही भरलं होतं.

दादाला यातलं काही कळत नव्हतं. तो पाहुण्याला आणखी चिवडा घ्या म्हणत होता.

आबा, तेव्हा मला आपलं वर्कशॉपचं अंगण दिसलं. मी कॉलेजात आहे. दादाच्या मोटारसायकलमध्ये डब्यातलं पेट्रोल ओततेय. तुम्ही आतून धावत येता आणि माझ्या हातातला डबा हिसकावून घेता. “गाळल्याबिगार वततीस? कुणी शिकिवलं तुला? माणूस मरतंय!” शेजारच्या कारखान्यातली माणसं काम थांबवून बघतात. मला रडू येतं आणि तुम्ही फनेलवर ते पाणी अडवणारं मऊ कातडं पसरता, थेंब थेंब पेट्रोल गाळत बसता. स्टोव्हचं रॉकेलसुद्धा तुम्ही तसंच गाळायचात. आई म्हणायची, “हेंचं एक येडच हाय.” ते वेड आम्ही सगळ्यांनी तुमच्या स्वभावात जमा केलं होतं. पण त्या माणसासमोर बसल्यावर मनात आलं, तुम्ही पहिल्यापासून गाळत होता, की एकदा गाळायचं राहिलं म्हणून पुढं जन्मभर गाळत राहिलात? लढाई संपायच्या आधीच तुम्ही घरी कसे आलात? आई म्हणायची, आजारी पडून. कसला आजार, ते तिनं कधी सांगितलं नाही.

आणि त्याच वेळी त्या वाक्याचाही संशय येत होता. त्या इतिहासात प्रत्येक वैमानिकाचं नाव, हुद्दा, गाव आहे. फिटर तेवढा बिननावाचा. आसामातल्या पावसात उघड्यावर पडलेल्या पिंपांत पाणी गेलं असेल, तर ती पिंपं तिथं ठेवणारा कोण होता? त्याचं नाव का नाही?

पाहुण्यानं चौथ्यांदा विचारलं. मी म्हटलं, “हो, बोलले होते. मला सगळं सांगितलं होतं.” मग मी शांतपणे सांगत गेले. पिंपांची तोंडं सैल होती. पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं तुम्ही साहेबाला सांगितलंत, पुन्हा गाळायला वेळ मागितलात. साहेब ओरडला, वेळ नाही, भर. वैमानिकानं शिडीवरून तुमच्या खांद्यावर थाप मारली. ही थाप कुठून सुचली, मला माहीत नाही. तो माणूस मान खाली घालून ऐकत होता. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाला, ते वाक्य मी बदलीन, आणि तुमच्या वडिलांचं नाव घालीन.

तो गेल्यावर मी दादाला सगळं मराठीतून सांगितलं.

“आबा हे तुला बोललंतं?”

“व्हय.”

“मला न्हाई बोललं कधी. जल्मभर त्यांच्यासंगं वर्कशॉपात हुतो मी.”

त्याला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण त्याचा चेहरा इतका उतरला होता की माझी जीभ रेटली नाही. तेव्हापासून तो वरचेवर येतो. कालही आला, चहा संपवून तसाच बसून राहिला आणि मग लहान पोरासारखं विचारलं, “आनि काय काय सांगितलंतं गं आबांनी?”

मी आणखी थोडं सांगितलं.