चिकटतं की नाही

५ जानेवारी, सोमवार
आज दुकानात अपमान झाला. पारोळ्याच्या कुंदाबाई नातीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या. पिशवीतून जुन्या रेडिओच्या स्पीकरचा गोल मॅग्नेट काढला आणि माझ्याच काउंटरवर माझ्याच भांड्यांना लावत सुटल्या. कळशीच्या काठाला जरासा चिकटला. म्हणाल्या, "भाऊ, हाई तं चिटकस! हाई लोखंड शे." मी म्हणालो, बाई, हे दुकान चाळीस वर्षांचं आहे. त्या म्हणाल्या, "दुकान चिटकस का ते मी कोठे इचारी ऱ्हायनू?" आणि गेल्या. मॅग्नेट मात्र काउंटरवरच विसरल्या.
अखिल (मुलगा, हल्ली दुकान तोच बघतो) म्हणाला, पप्पा, मी समजावलं असतं. त्याला काय माहीत?
संकल्प : महिन्याभरात मॅग्नेट या विषयातला जळगावातला शेवटचा शब्द व्हायचं. सुरेशचंदला विचारा, असं लोकांनी म्हटलं पाहिजे.

६ जानेवारी
विधीला सहज विचारलं. मुलगी सातवीला सायन्स शिकवते. मला माहीत नाही असं वाटू नये म्हणून पेपर वाचता वाचता विचारलं. ती म्हणाली, चुंबक तीन तऱ्हेचे. कायमचा, तात्पुरता आणि विजेवर चालणारा. लोखंड, निकेल, कोबाल्ट ओढले जातात. तांबं, पितळ, चांदी नाही. चांगलं ३०४ ग्रेडचं स्टील चिकटत नाही. जिथे ठोकून काठ वळवतात तिथे मात्र थोडं चिकटतं. मग "पण पप्पा" म्हणून पुढे सुरू झाली. मी उठलो. "पण"च्या पुढचं ज्ञान धंद्यात लागत नाही.

८ जानेवारी
कुंदाबाईंच्या मॅग्नेटचा अभ्यास केला. काळा, ठिसूळ. फेराइट म्हणतात. प्रत्येक मॅग्नेटला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतात. मला फक्त उत्तर हवा होता, म्हणून हातोडीने दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांना दोन-दोन ध्रुव निघाले. पुन्हा फोडला. पुन्हा तेच. आता सोळा तुकडे आहेत, एकटा उत्तर कुठेच नाही. माल खराब होता.
निओडिमियमचा ऑर्डर केला. आजच्या घडीला सगळ्यात ताकदवान तोच.

११ जानेवारी, रविवार
आला. दिसायला पेढ्याएवढा. कागद काढला आणि हातातून सुटून कपाटाला चिकटला. मध्ये माझं बोट होतं. अखिल आणि बायकोने, मंजूने, लाटणं घालून बाजूला सरकवत काढला. सरळ ओढून निघत नाही, सरकवायचा असतो, हे मी त्यांना सांगितलं. मंजू म्हणाली, अहो, आधी बोट बघा.
नख निळं. प्रयोग यशस्वी.

१३ जानेवारी
दुकानात बोर्ड लावला : "आमचे भांडे मॅग्नेटला चिकटत नाही. स्वतः तपासा." अखिल म्हणाला, घाई नको. ईर्ष्या.
दुपारी शेजारच्या दिपमाला वहिनी शेगडीसाठी कढई घ्यायला आल्या, ती विजेची इंडक्शन शेगडी. अखिल एक कढई दाखवत होता. मी मॅग्नेट लावला. फटकन चिकटला. भर दुकानात म्हणालो, हे नका घेऊ, वहिनी. न चिकटणारी काढून दिली. त्या खूश. अखिलने कपाळाला हात लावला.

१४ जानेवारी
दिपमाला वहिनी कढई घेऊन परत. शेगडीवर ठेवली तर शेगडी नुसती टीं टीं वाजते, तेल गार ते गार. विधी म्हणाली, पप्पा, इंडक्शनला चिकटणारंच बूड लागतं. आणि हलकं, स्वस्त स्टीलही बऱ्याचदा चिकटत नाही, म्हणून नुसत्या मॅग्नेटने ग्रेड कळत नाही. मी त्या दिवशी "पण" म्हणाले ते हेच.
हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. शिक्षकांची हीच अडचण आहे.
अखिलने बोर्ड काढला. मी विरोध केला नाही. अक्षर तसंही वाकडं आलं होतं.

१८ जानेवारी, रविवार. धुळ्याहून परतल्यावर
महत्त्वाचा दिवस. विधीसाठी धुळ्याचं स्थळ. मुलगा मनन, इंजिनियर, शांत. एरवी चहा सांडणाऱ्या विधीने आज सांडला नाही, त्यावरून मुलगा तिला आवडलाय हे मंजूला कळलं म्हणे. मुलाचे वडील चंदनमलजी, धान्याचे व्यापारी, वेळेचे फार कडक. आई नूतनजी.
मी कोटाच्या खिशात मॅग्नेट नेला होता. बोलून सगळेच गोड असतात, वस्तू खोटं बोलत नाहीत. नाश्त्याच्या ताटाला खालून लावला. चिकटला नाही. चांदी. घराला दहापैकी आठ.
मग चंदनमलजींनी मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. त्यांच्या वडिलांचं. म्हणाले, "सुरेशचंदजी, एकतीस वर्षं मी याच्यावर उठतो, याच्यावर जेवतो. जग चुकेल, हे नाही चुकणार." ते फोन घ्यायला उठले, तेवढ्यात मी मांडीवरच्या शालीखाली तपासलं. टक्. असं चिकटलं की दोन्ही हात लावून सरकवावं लागलं. विधीने पाहिलं असावं. तिला ठसका लागला.
म्हणजे घड्याळ अस्सल स्टीलचं नाही. पण मी काही बोललो नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच.
सगाई ठरली. १ फेब्रुवारी, आमच्या मेहरूणच्या घरी, मुहूर्त सकाळी ११.२०.

२२ जानेवारी
नूतनजींचा मंजूला फोन. चंदनमलजी चार दिवस सगळीकडे लवकर पोचतायत. आज मंदिर उघडायच्या अर्धा तास आधी दारात उभे, आणि पुजाऱ्याला उशीर केला म्हणून रागावले. कोणी मोबाइल दाखवला तर म्हणतात, मोबाइलची वेळ कंपन्या हवी तशी फिरवतात.
वय. दुसरं काय.
विधी माझ्याकडे वळली. म्हणाली, घड्याळात केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, पोलादाची. ती मॅग्नेटने भारली गेली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. "त्यांना सांगा, पप्पा. आत्ता सांगितलं तर हसण्यावारी जाईल." मी म्हणालो, सांगतो.
सगाईनंतर सांगावं हे उत्तम.

२६ जानेवारी
फोन हातात घेतला. चंदनमलजी स्वतःच म्हणाले, आमचा शेजारी हल्ली फार उशिरा उठतो. विषय निघाला नाही. ठेवला.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ८.२५. मी टॉवेलवर, डोक्याला तेल. दारात बस. चंदनमलजी, नूतनजी, मनन आणि अडतीस माणसं. मांडवात खुर्च्या एकावर एक तशाच रचलेल्या. आचाऱ्याची भट्टीसुद्धा पेटली नव्हती.
चंदनमलजींनी मनगट पुढे केलं. सव्वादहा पार. म्हणाले, "तासाभरावर मुहूर्त, आणि यजमान टॉवेलवर?" बसमध्ये चाळीस मोबाइल होते. एकाचीही त्यांना वेळ सांगायची हिंमत नव्हती. विधी मात्र नटून तयार. कशी काय, कोण जाणे. मनन खाली बघत होता.
मी घाईने कपडे केले, तोवर ते मांडवात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. ज्या घराला वेळेची किंमत नाही तिथे नातं कसं जोडायचं? मी म्हणालो, इथली हवा वेगळी आहे. काय बोललो ते मलाही कळलं नाही. ते म्हणाले, "नूतन, पर्स घे. बसमध्ये बसा सगळे." दोन-तीन जण खरंच चालू लागले. मंजूने माझा हात धरला.
विधी पुढे आली. मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि चंदनमलजींच्या मनगटाजवळ नेलं. काटा वेड्यासारखा फिरला. लांब नेलं, शांत. जवळ नेलं, पुन्हा फिरला. म्हणाली, "बाबूजी, घड्याळ चुकलेलं नाही. त्याला चुकवलंय." मग माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही सांगता की मी?"
मी सांगितलं. खिसा, शाल, टक्, सगळं.
चंदनमलजींनी घड्याळाची काच अंगठ्याने पुसली. मग अगदी हळू विचारलं, "माझ्या वडिलांच्या घड्याळाची तुम्ही परीक्षा घेतली?"
हो म्हणालो.
"मग? निकाल काय लागला?"
इथे खोटं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, चिकटलं.
आणि मग नूतनजी हसायला लागल्या. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी या घड्याळावर पोळ्या लाटतेय. पंधरा दिवस रोज आणखी लवकर उठतेय, आज तर दोन तास आधी. आणि कोणाची टाप नव्हती बोलायची! ही पोरगी बोलली. मला हीच सून पाहिजे. तुम्हाला बसमध्ये बसायचं तर बसा." मनन हसला. मग बस हसली. शेवटी चंदनमलजींनी घड्याळ काढून विधीच्या हातात दिलं आणि तिच्या मोबाइलमध्ये वेळ बघितली. आठ पंचेचाळीस. म्हणाले, चहा तरी मिळेल का?
सगाई ११.२० ला झाली. मला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

४ फेब्रुवारी
घड्याळ दुरुस्त करून आणायची जबाबदारी मी मागून घेतली. विधी सोबत आली. मला एकट्याला घड्याळ नेऊ द्यायचं नाही असं दोन्ही घरांत ठरलंय.
घड्याळजींनी घड्याळ एका छोट्या डबीवर ठेवलं, बटण दाबलं, हळूहळू वर उचललं. झालं. तीन सेकंद. विधी म्हणाली, आत विजेवर चालणारा चुंबक आहे, त्याने स्प्रिंगचं भारलेपण निघून जातं. मी विचारलं, बाहेरच्या कव्हरचं स्टील कसं आहे? ते वर न बघता म्हणाले, उत्तम. चिकटतात ते आतले भाग, सगळ्याच घड्याळांचे.

८ फेब्रुवारी, रविवार
धुळ्याची मंडळी आली होती. लग्न २६ एप्रिल. दोन्ही घरांनी बसून कामं वाटली. अखिलकडे मांडव. मंजू आणि नूतनजींकडे साड्या. चंदनमलजींकडे वेळ. विधी म्हणाली, हेच बरोबर.
मी विचारलं, माझ्याकडे काय?
अखिलने यादी पुन्हा वाचली. मग चंदनमलजी म्हणाले, "सुरेशचंदजी, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. हात मांडीवर. दोन्ही. मला दिसतील असे."