छतातून पडलेलं उत्तर

ती. लुसील मावशीस डेल्फीनचा मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या का, आणि पोस्टमनशी तुझं बोलणं सुरू झालं का? (नसेल तर तूच आधी बोल. त्याच्या गाडीने तुझी पत्रपेटी पाडली ती बर्फावरून घसरून, वैरापोटी नव्हे.) मी बरी आहे. माझी नोकरी शाबूत आहे. हे वाक्य मागच्या मंगळवारी लिहिता आलं नसतं, म्हणून आज ते लिहून थोडा वेळ त्याच्याकडे नुसती बघत बसले.

शाळेने मला घेतलं ते मुलांकडून धडे घोकून न घेता त्यांना प्रश्नांच्या मागे लावायला, हे तुला ठाऊक आहेच. प्रश्न मुलांनी काढायचा, उत्तर त्यांनीच हातपाय हलवून शोधायचं, आणि बाईंनी बाजूला उभं राहायचं. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात एकच गोष्ट आमच्या डोक्यात ठोकून बसवली, ती म्हणजे उत्तर द्यायचं नाही. मुलाने काहीही विचारलं की म्हणायचं, तुला काय वाटतं? (सवय इतकी लागली की गाडीला काय झालंय असं गॅरेजवाल्याने विचारलं तेव्हा त्यालाही मी तेच म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी हळूहळू आणि मोठ्याने बोलतो.)

यंदा माझ्या पाचवीच्या मुलांनी प्रश्न काढला की मेपलच्या झाडाचा गोड रस आटवून पाक होतो, तेव्हा बाकीचं पाणी जातं कुठे? प्रश्न झकास होता. शाळेमागच्या झाडांना त्यांनी बादल्या टांगल्या, रस मापून ठेवला, आणि मग तो उकळायचा कुठे यावर रीतसर मतदान घेतलं. बाहेर गारा पडत होत्या आणि घोटाभर चिखल होता, त्यामुळे आमचा वर्ग प्रचंड मतांनी निवडून आला.

मावशी, मला माहीत होतं गं. तुझ्या घरात वाढलेल्या मुलीला नाही माहीत, तर कुणाला? चाळीस बादल्या रसाचा जेमतेम एक बादली पाक होतो आणि बाकी सगळी वाफ वर जाते, म्हणून तर रस आटवायच्या खोपटाच्या छपराला उघडणारी झडप असते. टॅन्सीने (ही आमच्या वर्गाची वकील, दहा वर्षांची) येऊन विचारलंही, आत उकळलं तर चालेल ना? 'नाही' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, तुला काय वाटतं? तिला वाटलं, चालेल.

मंगळवारी सकाळपासून विजेच्या शेगड्यांवर पातेली चढली. खिडक्या गेल्या वर्षीच्या रंगाने चौकटीला चिकटलेल्या, त्या काही हलेनात. दुपारपर्यंत भिंतीवरचे तक्ते सोलून खाली आले आणि मुलींच्या वेण्या एकमेकींना चिकटल्या. नेमके तेव्हाच हेडमास्तर प्रुइटसाहेब शाळामंडळाच्या अध्यक्ष हॉलिस्टरबाईंना घेऊन आले. पुढच्या वर्षी ही पद्धत ठेवायची की रिकाम्या जागा भरायच्या वह्या परत आणायच्या, हे ठरवायलाच बाई आल्या होत्या. (रिकाम्या जागा भरून घ्यायला डेल्फीन गॅन्यों लागत नाही, हे मला आधीच फार गोड शब्दांत कळवलं होतं.) साहेब वाफेतून वाट काढत वर्गाच्या मधोमध आले आणि म्हणाले, "बाई, इथे नेमकं काय शिकवणं चाललंय?" तेवढ्यात छताचा एक फुगलेला पुठ्ठा सुटला आणि त्यांच्या डोक्यावर बसला. लागलं काही नाही, तो भिजून पावासारखा मऊ झाला होता.

मी मनातल्या मनात टेबलाचा खण आवरायला घेतला. टॅन्सी मात्र पुढे झाली.

"साहेब, पाणी कुठे जातं ते आम्ही शोधत होतो. सापडलं. तुमच्या डोक्यावर आहे."

हॉलिस्टरबाईंना हसू आवरेना, त्यांनी बाकाचा आधार घेतला. मग त्यांनी मुलांना उलटसुलट विचारून घेतलं. रस किती होता, पाक किती झाला, मधलं पाणी छतात कसं शिरलं, सगळं. मुलं एकमेकांना खोडत, भांडत, पण चोख सांगत होती. मी तोंड उघडलं नाही, आणि या खेपेला ते बरोबर होतं. शेवटी बाईंनी बर्फावर ओतून घट्ट केलेला पाक, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे डोनट आणि आंबट काकडीबरोबर, दोनदा मागून खाल्ला. संध्याकाळी फोन आला की पद्धत राहील, मीही राहीन, पण शाळेच्या इमारतीत यापुढे कोकोपलीकडे काही उकळायचं नाही. मी गाडीत बसून आधी रडले, मग हसले, मग घरी गेले. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगून टाकलं की ज्या प्रश्नापायी छत पडू शकतं, त्याचं उत्तर मी लगेच देईन.

तब्येतीला जप. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
डेल्फीन

ता. क. रस अजून आठवडाभर तरी गळेल आणि आमच्या बादल्या भरून वाहताहेत. झडप असलेलं खोपट या पंचक्रोशीत एकच मोकळं आहे, तुझं. काका गेल्यापासून तू तिथे भट्टी पेटवली नाहीस, हे मला माहीत आहे. मलाही त्या दारावरून जाववत नाही. तरी विचारते, आम्ही येऊ का?

ता. क. २. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते हातात देणारी ती टॅन्सी. तिच्या मागे बघ, रस्त्यावर पिवळी बस उभी आहे. तू नाही म्हणालीस तर आम्ही मुकाट्याने परत जाऊ. डोनट आणलेत, काकडीची बरणी तुझ्याकडची. काकांची भट्टी पेटवायची कशी, असं ती आता तुला विचारेल. मी हे बसमध्ये लिहितेय आणि तिने मघाशी मलाही तेच विचारलं. मी सांगितलं, मला खरंच माहीत नाही, ते फक्त मावशीला येतं.