कालवणाची पळी आणि कोरी बाटली

आई, कोथरूडच्या आपल्या दोन खोल्यांत तू मासे करायचीस ते मोठ्या शिस्तीनं. गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळा तवा, वेगळी विळी आणि दांडा वाकलेली ती कालवणाची पळी, जिला आतल्या ओट्यावर यायची परवानगी नव्हती. आजी पक्की शाकाहारी, तू कोकणातली. तिनं तुला कधी अडवलं नाही आणि तू तिच्या ताटापर्यंत कधी वासही जाऊ दिला नाहीस. बँकेतून दमून आलीस तरी आधी आजीची आमटी, मग साडी बदलून गॅलरी. एका रविवारी बाबा मदतीला म्हणून आमटी ढवळतायत आणि वाकडा दांडा तुला लांबूनच दिसतो. तू गॅस बंद करतेस. "अगं, धुतलेली आहे," बाबा म्हणतात. "आईला कळणारही नाही." "त्यांना नाही कळणार. मला कळलंय ना?" पातेलंभर आमटी मोरीत जाते आणि तू पुन्हा डाळ धुवायला घेतेस.

माझ्या कामाची तू शेवटपर्यंत थट्टा केलीस. "पुण्यात बसून समुद्राचा अभ्यास? खडकवासल्याला भरती येते वाटतं!" तर आता ऐक. मासे पाण्यात फिरताना खवल्यांचे कण, अंगावरचा बुळबुळीत थर असं काहीबाही मागे सोडतात. ते पाणी गाळायचं, गाळणकागदावर उरलेला डीएनए वाचायचा आणि कोण येऊन गेलं ते ओळखायचं. कुणाला जाळ्यात धरावं लागत नाही. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली न्यायची आणि तीही तशीच गाळायची. तिच्यात काही निघता कामा नये. निघालं, तर ते आपल्याच हातून आलेलं.

मध्यंतरी तुझ्या माहेरच्या किनाऱ्यावर, प्रवाळाच्या एका पट्ट्यावर, पर्यटकांच्या बोटींना नांगर टाकायला जागा द्यायचं घाटत होतं. तिथे कायद्याचं संरक्षण असलेले समुद्रघोडे आहेत असं मच्छीमार सांगायचे, पण पाणबुड्यांना एकही दिसला नव्हता. आमच्या पाण्यात समुद्रघोडा निघाला. आणि कोऱ्या बाटलीत निघाला बांगडा! माझे एक जुने सहकारी अट्टल मासेखाऊ. पुण्याला ताजे बांगडे न्यायचे म्हणून त्यांनी ते नमुन्यांच्याच बर्फाच्या पेटीत ठेवले होते.

"अहो, पिशवीला गाठ मारली होती."

"बांगड्याला सांगायचं राहिलं वाटतं."

"पण मॅडम, कोऱ्या बाटलीत समुद्रघोडा तर नाही ना? मग आपला निकाल खराच आहे. नांगराचं ठरवणाऱ्या समितीची बैठक सोमवारी आहे. कोऱ्या बाटलीचं तिथे कोण विचारतंय?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. रिकाम्या हातानं गेलो तर नांगर प्रवाळावर पडणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. "कुणी नाही विचारणार. मला कळलंय ना?" मी म्हणाले, आणि तुझा आवाज माझ्या तोंडून निघालेला ऐकून मीच जरा दचकले.

सोमवारी मी समितीसमोर बांगड्यासकट सगळं सांगितलं आणि पुन्हा नमुने घ्यायला मुदत मागितली. लोक हसले. अध्यक्षांनी विचारलं, "मग पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" मी म्हटलं, "बांगड्याचं तुम्हाला मीच सांगितलं, म्हणून." मुदत मिळाली. सहकाऱ्यांनी या खेपेला बांगडे तिथेच खाल्ले, हात धुतले, कपडे बदलले आणि मगच बाटल्यांना हात लावला. मी बघत उभी होते, अगदी तुझ्यासारखी. समुद्रघोडा पुन्हा निघाला आणि कोरी बाटली कोरीच राहिली. आता बोटी पलीकडे, वाळूच्या तळावर नांगर टाकतात.

आमच्या प्रयोगशाळेत आज नमुन्यांची खोली वेगळी, तपासणीची वेगळी, आणि कपडे बदलल्याशिवाय कुणी एकीतून दुसरीत जात नाही. बाहेरचे शास्त्रज्ञ बघायला येतात, ही शिस्त कुठे शिकलात म्हणून विचारतात. मी "घरी" म्हणते. त्यांना तो विनय वाटतो. मला मात्र तेव्हा फार ऐट वाटते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आजी गेली, बाबा गेले, घरात आता मी एकटीच. ती वाकडी पळी माझ्याकडे आहे. हातात छान बसते गं. मी आमटीही तिनंच वाढून घेते.