सत्तावीस नंबरची खाट

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण आता मला त्यांची सवय झाली आहे. भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, आता तरी चष्मा शोधायला घर डोक्यावर घेऊ नका.

उत्तराला उशीर झाला. वेळ नव्हता असं लिहिणार होते, आणि ते खोटंही नाही. पण खरं म्हणजे तुझं पत्र नऊ दिवस माझ्या युनिफॉर्मच्या खिशात पडून आहे.

तू लिहितेस, सोन्याला सांभाळणं आता तुझ्या हाताबाहेर गेलंय. चाळिशीचा बाप्या झाला तरी आपण भावाला सोन्याच म्हणतो. दोन-दोन दिवस जेवत नाही, आतून कडी लावून बसतो, एक शब्द बोलत नाही. "तुझ्या हॉस्पिटलात ठेवू या, तू तिथे असताना मला घोर नाही," असं लिहिलंस.

ताई, त्याला इथे आणू नकोस.

आधी जागेचं सांगते. माझ्या मनोरुग्णांच्या वॉर्डात साठ खाटा आहेत. आज सकाळी मोजले तेव्हा एकशे एकतीस पुरुष भरले. एकेका खाटेवर दोघं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. उरलेले मधल्या फटीत गाद्या टाकून. औषधांची ट्रॉली आत जातच नाही. मी ट्रे हातात घेऊन माणसं ओलांडत फिरते. पाळीला चार नर्स लागतात. दोघी सोडून गेल्या, तिसरी बाळंतपणाच्या रजेवर. राहिले मी आणि आमचे मदतनीस मामा, निवृत्तीला सात महिने उरलेले. ते म्हणतात, "सिस्टर, आपण कसले सेवा करणारे? आपण रखवालदार. तेही फक्त दाराचे." आम्ही हसतो.

अशा ठिकाणी लक्ष ओरडणाऱ्याकडे जातं. गप्प बसणारा राहून जातो. आपला सोन्या गप्प आहे.

इथेच पत्र संपवणार होते. पण मग तू म्हणशील, धाकटीला भावाचं ओझं नको झालंय. तसं नाही. म्हणून बाकीचंही लिहिते. भाऊजींना एवढ्यात वाचून दाखवू नकोस.

सत्तावीस नंबरच्या खाटेवर दोघं होते. एक दांडगा, बिथरला की भिंतीवर डोकं आपटणारा. दुसरा शिंपी, काडीसारखा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी जवळून गेले की हळूच म्हणायचा, "सिस्टर, तुमची कॉलर डावीकडे बोटभर जास्त कापलीय. कुणी शिवली हो?" आल्यापासून त्याची तब्येत सुधारत होती. घरी सोडायचं बोलणं चाललं होतं.

गेल्या महिन्याच्या बावीस तारखेला दुपारी एकच्या सुमाराला दांडगा बिथरला. डॉक्टरांनी फोनवर झोपेचं इंजेक्शन सांगितलं. मी ते भरून आणते तोवर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला मारामारी जुंपली, मामा तिकडे धावले. सत्तावीसवर एकच जण होता, डोक्यावरून चादर ओढून. मी त्याचा दंड धरला.

"सिस्टर, मी नव्हे हो. माझं औषध सकाळीच झालं."

"सगळे असंच म्हणतात. हात सैल सोडा."

त्याने सोडला. मी सांगितलं म्हणून सोडला.

सुई काढून मान वर केली, तर समोर दांडगा उभा. न्हाणीघरातून आलेला, तोंडावरून पाणी निथळतंय.

मला त्याच क्षणी कळलं होतं, ताई. नंतर नाही. डॉक्टरांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात कुणाचं तरी डोकं फुटलं म्हणून हाक आली. मी मनाशी म्हटलं, झोपेल जरा जास्त, दुसरं काय होणार? आणि जायच्या आधी वही उघडली. झोपेच्या इंजेक्शननंतर दर पंधरा मिनिटांनी माणसाला पाहून नोंद करायची असते. मी दीड वाजता उभ्याउभ्या चारपर्यंतच्या सगळ्या नोंदी लिहून टाकल्या. "शांत झोप. श्वास ठीक." अकरा वेळा. आमच्याकडे सगळ्याच असं लिहितात. पण त्या दिवशी मी सत्तावीस नंबरपुढे काय लिहीत होते, ते मला ठाऊक होतं.

सव्वाचारला मामा आले. "सिस्टर, शिंपी उठत नाहीये."

अधीक्षकांनी वही चाळली. म्हणाले, "नोंदी व्यवस्थित आहेत. हृदय बंद पडलं. विषय संपला." मी वही उचलली आणि जागेवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण कपडे न्यायला आली. साधारण तुझ्याच वयाची. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्याबद्दल फार चांगलं बोलायचा. तुम्ही होतात म्हणून मला घोर नव्हता." आठच दिवसांनी तुझं पत्र आलं. पुढचं काय सांगू?

काल मी सगळं लिहून अधीक्षकांकडे दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली आणि कागद माझ्याकडेच सरकवला. "हे तुम्ही मला दिलेलं नाही, मी वाचलेलं नाही. आणि हो, सोमवारपासून शेजारचा वॉर्डही तुम्हीच बघायचा. तिथल्या सिस्टरने राजीनामा दिलाय." दोन्हीकडचे मिळून दोनशे चाळीसच्या वर होतात. मी बाहेर आले तेव्हा फाटकाशी गाडी उभी होती. नवीन नऊ जण उतरवत होते.

आज सकाळी तोच मजकूर पुन्हा लिहून काढला आणि शिंप्याच्या बहिणीच्या पत्त्यावर टाकला. पाकीट पेटीत पडलं, आणि आता तुला लिहायला बसले.

आता काय होईल ते होईल. कुणी चौकशीला तुझ्या दारी आलं तर काही लपवू नकोस. सोन्याच्या उशाशी बसत जा, तो बोलला नाही तरी. मला रजा मिळणार नाही, पण नोकरी गेली तर मीच येईन त्याला सांभाळायला.

सोमवारी मी ड्यूटीवर जाणार आहे. मी गेले नाही तर तिथे कुणीच नसेल. आणि मी गेले तर तिथे मी असेन, याचीच मला आता जास्त भीती वाटते.

हे वाचूनही म्हणवत असेल, तर तुझीच,
धाकटी